रेघ ओढण्याचा अधिकार : बेळगाव-निपाणी सीमाप्रश्नाचा घटनात्मक आढावा

बेळगाव, निपाणी, खानापूर आणि कारवारचा प्रश्न मराठी वाचकाला ओळखीचा आहे तो भाषेचा प्रश्न म्हणून. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, १ नोव्हेंबरचा काळा दिन, १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, पाट्या आणि सातबारा उताऱ्यांच्या भाषेवरून होणाऱ्या तक्रारी, या साऱ्यांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्या मानाने या प्रश्नाच्या घटनात्मक अंगाकडे कमी लक्ष गेले. भारतासारख्या संघराज्यात राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, तो वापरणाऱ्याला कोण अडवू शकतो आणि तो वापरलाच गेला नाही तर दाद कुठे मागायची, हे ते अंग. साठ-सत्तर वर्षांतले दस्तऐवज आणि निकाल एकत्र ठेवले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. सीमा ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेने संसदेला जवळजवळ निर्वेधपणे दिला आहे, पण तो वापरून निर्णय देण्याचे बंधन तिने कोणावरच घातलेले नाही. सीमाप्रश्न रेंगाळला त्याचे मोठे कारण या रचनेत आहे असे मला वाटते. दोन्ही राज्यांच्या हट्टाचा वाटा त्यानंतरचा.

१९५६ आणि त्यानंतर

न्या. फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पण्णिकर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. आयोगाने साधारणपणे जिल्हा हा घटक धरला. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्याकडे ठेवावा, बाकीचा जिल्हा कर्नाटकात जावा, अशी त्याची शिफारस होती. इतर तालुके तिकडे जाणार असतील तर प्रशासनाच्या सोयीसाठी जिल्ह्याचे ठाणेही तिकडेच जावे, हा बेळगाव शहराबाबतचा युक्तिवाद. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि बेळगाव, विजापूर, धारवाड व उत्तर कन्नडा हे मुंबई राज्यातले जिल्हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो बेळगावात. तेच शहर बाहेर राहिल्याची बोच मराठी बाजूला आजही आहे. कन्नड भाषकांच्या स्मरणात हेच शहर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे आणि त्या वेळी भरलेल्या कर्नाटक एकीकरण परिषदेचे आहे, हेही विसरून चालणार नाही.

द्वैभाषिक मुंबई राज्याने जून १९५७ मध्ये केंद्राकडे निवेदन दिले आणि ८१४ गावांसह बेळगाव, निपाणी व कारवार ही शहरे मागितली. त्यासाठी आधार घेतला तो राज्य पुनर्रचना कायद्यातल्याच कलम २१ चा. या कायद्याने देशात विभागीय परिषदा स्थापन केल्या. सीमातंटे आणि भाषिक अल्पसंख्याकांचे प्रश्न यांवर चर्चा करून केंद्राला व राज्यांना सल्ला देण्याचे काम कलम २१ ने त्यांच्याकडे सोपवले. म्हणजे १९५६ च्या रेघा काही ठिकाणी चुकल्या असू शकतात, हे त्या रेघा ओढणाऱ्या कायद्यानेच गृहीत धरले होते. त्याने जी वाट ठेवली ती मात्र फक्त चर्चेची होती. महाराष्ट्र आज पश्चिम विभागात आहे, कर्नाटक दक्षिण विभागात. त्यामुळे दोघांना एका टेबलाशी बसवण्याचा तो मार्गही आडवळणाचा झाला आहे.

१९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींची समिती झाली. तिचे एकमत झाले नाही आणि दोन बाजूंचे दोन अहवाल आले. पुढे सेनापती बापटांच्या उपोषणाची पार्श्वभूमी होती आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात त्यांनी निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतली २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, असेही सांगितले. म्हैसूरने अहवाल मान्य केला, महाराष्ट्राने फेटाळला. संसदेने त्यावर कायदा केला नाही. अहवाल स्वीकारला गेला असता तर निपाणी महाराष्ट्रात आली असती. बेळगावावाचून निपाणी घेणे त्या वेळच्या नेतृत्वाला परवडणारे नव्हते. निपाणीकरांना ते परवडणारे होते का, असा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

कलम ३ : एकहाती अधिकार

नवे राज्य निर्माण करणे, राज्याचे क्षेत्र वाढवणे वा घटवणे आणि सीमा बदलणे हे अधिकार राज्यघटनेच्या कलम ३ ने संसदेला दिले आहेत. अटी दोनच. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने, म्हणजे प्रत्यक्षात केंद्रीय मंत्रिमंडळाच्या इच्छेने मांडावे लागते आणि संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे ते मत देण्यासाठी पाठवावे लागते. मत किती मुदतीत द्यायचे हे राष्ट्रपतींनी ठरवावे, ही तरतूद १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने आणली. राज्य पुनर्रचनेच्या तोंडावर एखाद्या विधिमंडळाने गप्प बसून विधेयक अडवून धरू नये, हा तिचा हेतू उघड आहे. असा कायदा घटनादुरुस्ती मानला जाणार नाही असे कलम ४ सांगते, त्यामुळे साधे बहुमत पुरते.

विधिमंडळाचे मत बंधनकारक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये बाबूलाल पराते खटल्यात सांगितले, आणि हा खटला महाराष्ट्राशीच निगडित आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन तुकडे करण्याचा मूळ प्रस्ताव संसदेत बदलला आणि द्वैभाषिक मुंबई राज्य जन्माला आले. बदललेला प्रस्ताव पुन्हा विधिमंडळाकडे धाडायला हवा होता, असे अर्जदाराचे म्हणणे होते. न्यायालयाने ते नाकारले. तेलंगणाच्या वेळी, जानेवारी २०१४ मध्ये, आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी पुढच्याच महिन्यात संसदेने कायदा केला. डिसेंबर २०२३ मधल्या कलम ३७० च्या निकालातही विधिमंडळाचे मत सल्ल्यापुरतेच असल्याचे पुन्हा सांगितले गेले.

दोन्ही राज्यांचे या कलमाशी असलेले नाते सोयीचे आहे. बेळगावसाठी संसदेने कर्नाटकाच्या संमतीवाचून सीमा बदलावी असे महाराष्ट्र म्हणतो, पण तेच कलम महाराष्ट्राला न विचारता विदर्भ वेगळा करण्याचाही अधिकार देते, ही बाजू मुंबईत फार बोलली जात नाही. कर्नाटक १९५६ चा निर्णय संसदेचा म्हणून अंतिम मानतो. पण संसदेचा शब्द अंतिम असेल तर संसदेने उद्या घेतलेला उलटा निर्णयही तितकाच अंतिम ठरेल, हे त्यातूनच निघते.

या कलमावर नेहमीचा आक्षेप असा की अधिकार असा एकवटला तर ते संघराज्य कसले? अमेरिकेच्या राज्यघटनेत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याच्या भूभागातून नवे राज्य काढता येत नाही. ऑस्ट्रेलियात राज्याची सीमा बदलायला त्याच्या संसदेच्या संमतीबरोबर तिथल्या मतदारांचा कौलही लागतो. यावरचे उत्तर वजनदार आहे. भारतातले प्रांत ब्रिटिशांनी आपल्या सोयीने जोडले होते. प्रत्येक प्रांताची संमती सक्तीची असती तर आंध्र, महाराष्ट्र, गुजरात, हरयाणा ही राज्ये झालीच नसती. कलम ३ ची लवचीकता ही भाषावार प्रांतरचनेची आईच म्हणायची. मला हे उत्तर पटते, पण त्याने आक्षेपाचा निम्माच भाग संपतो. लवचीकतेसोबत निर्णयाची एखादी ठरलेली पद्धत, निकष आणि मुदत असती तर ती न्यायाची वाटली असती. ते नसल्यामुळे कलम ३ चा वापर होतो तो केंद्रातल्या सरकारला राजकीय गरज भासेल तेव्हाच.

तीन भूमिका

महाराष्ट्राची भूमिका चार तत्त्वांवर उभी आहे : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. ही तत्त्वे हवेतून आलेली नाहीत. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी ह. वि. पाटसकर यांनी खेडे हाच घटक धरून निवाडा दिला आणि संसदेने १९५९ मध्ये कायदा करून तो अमलात आणला. तिथे खेडे आणि इथे जिल्हा, असा भेद का, हा महाराष्ट्राचा गाभ्याचा प्रश्न आहे. महाजन आयोगावर महाराष्ट्राचा आरोप निकषांच्या विसंगतीचा आहे. एका ठिकाणी भाषिक बहुसंख्या पाहिली, दुसऱ्या ठिकाणी ती बाजूला ठेवून शहर तीन बाजूंनी कन्नड प्रदेशाने वेढलेले असल्याचे कारण दिले. बॅ. अ. र. अंतुले यांनी या अहवालाची चिकित्सा करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याचा रोख हाच होता. पुढे मागणी ८६५ गावांपर्यंत गेली आणि तिच्यात बिदर, भालकीकडचा भागही आला.

कर्नाटकाची भूमिका साधी आणि कायदेशीरदृष्ट्या भक्कम आहे. संसदेने निर्णय दिला, महाराष्ट्राच्या आग्रहाखातर आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल प्रतिकूल आल्यावर तो नाकारणे न्याय्य नाही, आणि १९५६ च्या कायद्याला महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावून आव्हान देणे फारच उशिराचे आहे. याला राजकीय जोडही दिली गेली. २००६ पासून बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन भरू लागले, ऑक्टोबर २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. यातल्या कोणत्याही गोष्टीने कायद्यातली सीमा एक इंचही पक्की होत नाही, पण दावा प्रलंबित असताना वस्तुस्थिती बदलत जाते हे खरे.

लोकेच्छेच्या मुद्द्यावर कर्नाटक निवडणुकांकडे बोट दाखवते. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत, महाराष्ट्रात जाण्याची मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार आला नाही. २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेत भाजपला ५८ पैकी ३५ जागा मिळाल्या. लोकेच्छा हे महाराष्ट्रानेच मांडलेले तत्त्व असल्यामुळे हा मुद्दा झटकून टाकता येणार नाही. तरीही आमदार निवडताना मतदार रस्ते, पाणी, जात, पक्ष असे बरेच काही पाहतो. गटबाजीने समिती दुबळी झाली म्हणजे सीमेविषयीचे मत बदलले, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. नेमका प्रश्न विचारून घेतलेला कौल या भागात कधीच झालेला नाही, आणि तसा कौल घेण्याची कोणतीही प्रक्रिया कलम ३ मध्ये नाही.

केंद्राची भूमिका बाहेरून तटस्थ दिसते. पण जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात केंद्राने १९५६ चा निर्णय मनमानी नव्हता, सर्व बाबी विचारात घेऊनच झाला होता, असे म्हटले. त्याचे महाराष्ट्रात तीव्र पडसाद उमटले. कायदेशीर बाजूने पाहता केंद्र आपल्याच संसदेच्या कायद्याचा बचाव करत होते, त्यात नवल नाही. अडचण वेगळीच आहे. ज्याच्या शिफारशीवाचून विधेयकच येऊ शकत नाही तोच या दाव्यात प्रतिवादी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांच्या बेळगाव दौऱ्यावरून तणाव वाढला. तेव्हा केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावले आणि निकाल लागेपर्यंत कोणीही दावे करू नयेत, प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती असावी, असे ठरले. त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले. घटनेने विधिमंडळाला दिलेली जागा मत देण्याची आहे, आणि इथे कोणी विचारण्याआधीच मते देऊन झाली होती.

न्यायालयापुढचा पेच

मार्च २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. कलम १३१ प्रमाणे दोन राज्यांमधला किंवा राज्य आणि केंद्र यांच्यातला तंटा थेट तिथे जाऊ शकतो. अट एवढीच की त्यात कायदेशीर हक्काचे अस्तित्व किंवा व्याप्ती ज्यावर अवलंबून आहे असा प्रश्न असावा. २०१४ मध्ये साक्षीपुरावे नोंदवण्यासाठी न्या. मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली. कर्नाटकाचा मूळ आक्षेप अधिकारक्षेत्राचा आहे : सीमा ठरवणे संसदेचे काम, न्यायालयाचे नव्हे.

राज्यांच्या सीमांचे खटले न्यायालयांना अपरिचित नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एलिस बेटाचा बराचसा भाग न्यू जर्सीचा असल्याचे ठरवले. आपल्याकडे आसाम-नागालँड दावा १९८८ पासून चालू आहे. या दाव्यांत न्यायालयाला विचारलेले असते की ठरलेली रेघ नेमकी कुठे आहे. जुने करार, नकाशे, अधिसूचना तपासून त्याचे उत्तर देता येते. बेळगावच्या बाबतीत रेघ कुठे आहे याविषयी दोन्ही राज्यांत मतभेदच नाही. ती कुठे असायला हवी होती, हा वाद आहे. सीमाप्रश्नाची चर्चा करताना हा फरक बहुधा निसटतो, आणि मला तर दाव्याचे भवितव्य यावरच टांगलेले दिसते.

महाराष्ट्राचे उत्तर असे की संसदेचा कायदाही घटनेच्या चौकटीत असावा लागतो. समान परिस्थितीत असमान निकष लावले तर ते मनमानीपणाचे ठरते आणि तेवढी तपासणी न्यायालय करू शकते. हे उत्तर निरर्थक नाही, कारण कलम ३ खालचे कायदे न्यायिक पुनर्विलोकनाच्या बाहेर आहेत असे घटना कुठेच म्हणत नाही. शिवाय पुनर्रचनेतून उद्भवलेले तंटे कलम १३१ खाली चालतात याचा दाखला आहे. पंजाब पुनर्रचना कायद्याच्या आधारे भाक्रा प्रकल्पातल्या विजेचा वाटा मागणारा हिमाचल प्रदेशचा दावा २०११ मध्ये मान्य झाला आणि त्याला ७.१९ टक्के वाटा मिळाला. मात्र हिमाचलने कायद्याने दिलेला हक्क मागितला होता. महाराष्ट्र त्याच्या विरुद्ध टोकाला उभा आहे, कारण तो कायद्यातल्या तरतुदींनाच आव्हान देतो. समानतेचा हक्क नागरिकाला आहे, राज्य तो स्वतःसाठी मागू शकते का, हा प्रश्नही त्यातूनच निघतो. आणि तरतुदी रद्द झाल्याच तर ती गावे आपोआप महाराष्ट्रात येतील, की १९५६ चे मुंबई राज्यच आज अस्तित्वात नसल्यामुळे संसदेला पुन्हा कायदा करावा लागेल, याचेही उत्तर तयार नाही.

इथे पाण्याशी तुलना डोळ्यांत भरते. म्हादई नदी खानापूर तालुक्यातच उगम पावते. तिच्या पाण्यासाठी कलम २६२ आहे, आंतरराज्य जलविवाद कायदा आहे, २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला. निवाड्यावर वाद आहेत, अंमलबजावणी अडली आहे, हे मान्य. तरी प्रश्न कोणी, कोणत्या पद्धतीने सोडवायचा याची घटनेने सोय केली. त्याच तालुक्यातल्या माणसांच्या सीमेसाठी अशी सोय नाही. बिहार-उत्तर प्रदेश सीमेसाठी १९६८ मध्ये आणि हरयाणा-उत्तर प्रदेश सीमेसाठी १९७९ मध्ये निवाडा आणि मग संसदेचा कायदा, असा क्रम झाला. मार्च २०२२ मध्ये आसाम-मेघालय यांनी बारापैकी सहा ठिकाणांवर केंद्राच्या साक्षीने करार केला. अशा प्रत्येक वेळी दोन्ही राज्यांची तडजोडीची तयारी आधी झाली होती. तयारी नसेल तेव्हा काय करायचे, याबाबत घटना मौन आहे.

निकाल लागेपर्यंतची सत्ता

सीमाभागातल्या माणसाला रोज भेटते ती राज्य सरकारची सत्ता. तलाठ्याचा उतारा, बसवरची पाटी, शाळेची मान्यता, पोलीस, हे सगळे राज्याच्या अखत्यारीत आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात फलकावर ६० टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक झाले. पालिका त्याहूनही दुबळी. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने ती बरखास्त केली. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने शहरांना स्वराज्य दिले खरे, पण त्या स्वराज्याची सीमा त्या दिवशी दिसली.

म्हणून अभ्यासकांचा एक गट म्हणतो की सीमा राहू द्या, आधी भाषिक हक्क पक्के करा. याचीही साधने १९५६ मध्येच तयार झाली. सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणून मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यांवर सोपवली आणि कलम ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमला. पंधरा टक्क्यांहून अधिक भाषक असतील तिथे त्यांच्या भाषेत सूचना, परिपत्रके द्यावीत असेही केंद्राने ठरवले. आयुक्तालयाचे एक विभागीय कार्यालय तर बेळगावातच थाटले गेले होते. पण आयुक्त अहवाल देतो, आदेश देऊ शकत नाही. न्यायालयाने २०१४ मध्ये राज्य सरकार शिक्षणाचे माध्यम सक्तीने लादू शकत नाही असा निकाल दिला. त्याचा आधार होता निवडीचे स्वातंत्र्य. मराठी शाळा चालू ठेवण्याची हमी त्यातून मिळत नाही.

निकाल लागेपर्यंत हा भाग केंद्रशासित करा, अशी मागणी महाराष्ट्रातून होते. कलम ३७० च्या निकालाने लडाख वेगळे करण्याला मान्यता दिल्यामुळे राज्याच्या एखाद्या भागाचा केंद्रशासित प्रदेश करणे घटनाबाह्य म्हणता येणार नाही. पण त्यालाही कलम ३ खालचाच कायदा लागतो, म्हणजे वाट पुन्हा केंद्रीय मंत्रिमंडळाच्या दारातूनच जाते.

स्वित्झर्लंडमधल्या जुराचा दाखला हल्ली दिला जातो. जर्मन भाषक बहुसंख्य असलेल्या बर्न कँटनमधल्या (कँटन म्हणजे तिथले घटकराज्य) फ्रेंच भाषक जिल्ह्यांनी टप्प्याटप्प्याने, अगदी गावनिहाय मतदान करून १९७९ मध्ये स्वतंत्र कँटन मिळवला. मुतिये हे गाव २०२१ च्या मतदानानंतर २०२६ च्या आरंभी जुरात गेले. तिथे गाव हा घटक आणि लोकेच्छा ही दोन्ही तत्त्वे प्रत्यक्षात आली. पण त्यासाठी बर्नने स्वतःच्या घटनेत दुरुस्ती करून मतदानाला वाट करून दिली होती. बेंगळुरूने तसे करावे अशी अपेक्षा आज कोणी बाळगत नाही.

तेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे पहिला निर्णय अधिकारक्षेत्राचा आहे. दावा चालण्याजोगा नाही असे ठरले तर महाराष्ट्राकडे संसदेत बहुमत जमवण्यापलीकडे मार्ग उरणार नाही. चालण्याजोगा ठरला तर १९५१ ची जनगणना प्रमाण धरायची की आजची, खेडे घटक धरले तर महाजन अहवालात कर्नाटकाच्या वाट्याला आलेल्या जत-अक्कलकोटमधल्या कन्नडबहुल गावांचे काय, आणि न्यायालय स्वतः निकष लावणार की संसदेला कायदा करण्याची सूचना देऊन थांबणार, हे सगळे युक्तिवाद अजून व्हायचे आहेत.